फोटोत माणूस दिसत नाही

अनेझ्यो रागावली की बंदरावरच्या बोटींनाही कळतं, असं आमच्या केआ बेटावर म्हणतात. थोडी अतिशयोक्ती असेल, पण थोडीच. बाई ऐंशीच्या पुढची, उंचीनं गाढवाच्या खांद्याएवढी, आणि आवाज असा की दरीतल्या शेळ्या चरायचं थांबून वर बघतात. पाद्रीबाबांशी तिचं वाजलेलं, आधीच्या सरपंचाशी वाजलेलं, आत्ताच्या सरपंचाशी तर तो निवडून यायच्या आधीच वाजलेलं. नवरा जहाजावर खलाशी होता. तो वर्षातला बराचसा काळ समुद्रावर काढायचा ते पगारासाठी की शांततेसाठी, यावर कॉफीखान्यात अजून वाद होतात. तो गेला. मुलगी कातेरिना लग्न होऊन अथेन्सजवळच्या पिरेयसला. वरच्या एलिसा वस्तीत अनेझ्यो एकटीच राहते, आणि तिथं भांडायला कोणी नसल्यामुळे आठवड्यातून दोनदा गावात उतरते.

लोक हसतात. हसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, तिचा राग कधी फुकटचा नसतो. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे लाका.

लाका हे तिच्या शेताचं नाव. डोंगराच्या अंगावर दगडी गडगे घालून केलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवर ओकची जुनी झाडं, आणि झाडांखाली जव. आमच्याकडे शेत म्हणतात ते यालाच. ओक तोडून मोकळी जमीन करणाऱ्याला पूर्वी कोणी पोरगी दिली नसती. शरदात ओकची फळं गळायची. त्यांच्या खरबरीत टोप्या चामडं कमावायला लागत, त्यामुळे पोती भरभरून सिरोस बेटावरच्या कारखान्यांकडे जात. पाल्यावर गुरं जगत, आणि पहिल्या पावसाआधी त्याच झाडांखाली नांगर फिरे. एक पीक डोक्यावर, एक पायाखाली. शिवाय जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं, हेही आमच्याकडे चालतं. लाकाच्या मधोमध उभा असलेला सगळ्यात मोठा ओक अनेझ्योचा नाहीच. तो गडग्यापलीकडच्या झानिसचा, त्याच्या आईला लग्नात आंदण मिळालेला. दर शरदात झानिसच्या घरचे टोप्या वेचायला हक्कानं लाकात यायचे, आणि अनेझ्योच्या घरचे त्यांना हक्कानं चार शब्द सुनवायचे. सगळं रीतीप्रमाणे.

तर दोनेक वर्षांपूर्वी वसंतात अनेझ्यो बंदरावर रोदांथीच्या ऑफिसात गेली. रोदांथी तिच्या भाचीची मुलगी, जमीनमोजणीची इंजिनिअर. कातेरिना आता नोकरीतून सुटणार होती, तिला गावी परत यायचं होतं, लाकात मधमाश्या पाळायच्या होत्या. अनेझ्योला मरायच्या आधी शेत तिच्या नावावर करायचं होतं आणि पडलेला खालचा गडगा उभा करायचा होता. एवढंच काम.

"आजी, आधी खुर्चीत बस," रोदांथी म्हणाली.

"बस म्हणालीस म्हणजे काहीतरी वाईट आहे. उभ्यानंच ऐकते."

रोदांथीनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. वर उडणाऱ्या घारीला दिसावं तसं सगळं बेट दिसत होतं. पोरीनं बोटानं जवळ आणलं, एलिसा आलं, घर आलं, खळं आलं. लाकावर मात्र हिरवा रंग थापला होता.

"हे हिरवं काय लावलंयस?"

"मी नाही लावलं. सरकारी नकाशा आहे. हिरवं म्हणजे जंगल."

"कुणाचं जंगल?"

"जंगल सरकारचंच असतं, आजी. त्यात गडगा बांधता येत नाही, नांगरता येत नाही. कातेरिनामावशीच्या नावावर तर होणारच नाही."

अनेझ्योनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. हिरवं हिरवंच राहिलं. मग तिची नजर गडग्यापलीकडे गेली. तिथं कोरं करकरीत पांढरं होतं.

"आणि हे?"

"ते शेत. झानिसआजोबांचं."

"शेत?" आता मात्र बंदरावरच्या बोटींना कळलं असावं. "तिथं माझं लग्न व्हायच्या आधीपासून कुणी नांगर घातला नाही! काटे आणि कासवं! त्याला शेत म्हणतात, आणि मी दरसाल जव कापते तिथं जंगल? कुठल्या गाढवानं काढलाय हा नकाशा?"

रोदांथीनं समजावून सांगितलं. पोरगी शांत आहे, आईवर गेली नाही. युद्ध संपलं त्या वर्षी, पंचेचाळीस साली, विमानातून सगळ्या देशाचे फोटो काढले होते. त्या फोटोत जे काळं, दाट दिसतं ते तेव्हाचं जंगल, आणि तेव्हाचं जंगल ते कायमचं जंगल. जे उघडं दिसतं ते शेत. तिनं तो फोटोही दाखवला. करड्या कागदावर काळे गोल गोल ठिपके, एकाला एक चिकटलेले. ते लाकातले ओक. पलीकडे झानिसचा उतार बोडका, आणि त्यात पांढरं वाटोळं खळं.

"वरून झाडाचा शेंडाच दिसतो, आजी. खालचा जव दिसत नाही."

अनेझ्यो तेव्हा बसली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची तिथंही थांबली नसेल. कारण झानिसचा उतार बोडका का झाला, हे तिला माहीत होतं आणि त्या नकाशाला माहीत नव्हतं.

युद्धात बेटावर परके सैनिक बसले होते आणि समोरच्या लाव्रिओ बंदरातून पिठाची बोट यायची बंद झाली होती. पहिल्या हिवाळ्यात झानिसच्या बापानं आपले सगळे ओक तोडले, कोळसा पाडला आणि विकला. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गव्हाचा पाव होता, आणि त्याचा वास गडगा ओलांडून यायचा. अनेझ्योच्या बापानं कुऱ्हाड भिंतीवरून काढली नाही. बायको रडली, सासू शिव्या देऊन दमली, तरी काढली नाही. आई ओकची फळं दिवसेंदिवस पाण्यात घालून त्यांचा कडवटपणा काढायची, दळायची आणि त्यांचा काळा पाव भाजायची. पोट दुखायचं, पण माणूस मरत नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात झानिसच्या घरचा कोळसाही संपला आणि पीठही. राहिला होता तो लाकातला एक ओक, झानिसच्या आईनं "माझं आंदण आहे, हात लावाल तर बघा," म्हणून वाचवला तेवढाच. मग झानिस अनेझ्योच्या दारात येऊन उभा राहायला लागला. तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठा, पाय काटक्यांसारखे. काही मागायचा नाही, नुसता उभा राहायचा. आई पावाचे दोन तुकडे करायची, एक अनेझ्योला, एक त्याला.

आणि आता न्याय काय, तर ज्यानं तोडलं त्याचं शेत आणि ज्यानं उपाशी राहून राखलं त्याचं जंगल! हे वाचून ज्याला राग येत नाही त्यानं पुढे वाचू नये.

"उपाय आहे," रोदांथी म्हणाली. "हरकत घ्यायची. समिती बसते, तिच्यापुढे सांगायचं. पण आजी, तुझ्या एकटीच्या शब्दावर नाही भागणार. त्या वेळचं दुसरं कोणीतरी हवं. झाडांखाली जव होता असं सांगणारं."

त्या वेळचं एलिसात आता एकच माणूस जिवंत होतं.

झानिस कॉफीखान्यात नेहमीच्या जागी, खिडकीशी बसला होता. पुढे कॉफी, हातात जपमाळेसारखे मणी, डोक्यावर नवीकोरी टोपी. त्या टोपीमागे एक भानगड होती. आपला बोडका उतार त्यानं अथेन्सच्या एका हॉटेलवाल्याला विकला होता. तिथं पोहण्याच्या तलावासकट खोल्या होणार होत्या आणि नातवाला तिथलं मॅनेजरपद कबूल झालं होतं. समोरचा लाका जंगल म्हणून लागला, तर तिथं कोणी मधमाश्यांची पोळी ठेवणार नाही, शेड घालणार नाही, गाढव ओरडणार नाही, आणि खोल्यांतून समुद्र मोकळा दिसेल. हे हॉटेलवाल्यानं झानिसला नीट समजावलं होतं.

"झानिस, तुला साक्षीला यायचंय," अनेझ्यो उभ्या उभ्याच म्हणाली.

"कसली साक्ष? बस, कॉफी घे."

"तुझी कॉफी तूच पी. लाकात जव होता की नव्हता?"

"झाडं होती बाई. झाडं तर अजूनही आहेत."

"झाडांखाली काय होतं ते विचारतेय."

झानिस मणी ओढत राहिला. "अगं, मी पोर होतो. काल काय जेवलो ते आठवत नाही मला."

"काल काय जेवलास ते सोड. तेव्हा काय खायचास आणि कुणाच्या दारात, ते आठवतं का?"

कॉफीखान्यात पत्त्यांचा डाव चालला होता, तो थांबला. झानिसच्या मानेवर लाली चढली.

"कडू होता तो पाव," तो पुटपुटला.

"मग रोज कशाला यायचास? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तू! तुझ्या बापानं निदान कुऱ्हाड उघड उघड चालवली होती. तू बसल्या जागी चालवतोयस."

"माझ्या बापाचं नाव काढू नकोस, अनेझ्यो!"

"काढीन! दहादा काढीन! हॉटेलवर त्याच्या नावाची पाटी लाव, खाली लिही, कोळसा पाडून मिळवलेलं!"

पाद्रीबाबा मध्ये पडले म्हणून बरं. बाहेर आल्यावर तिनं उंबऱ्यावरून आत बघितलं. झानिस खिडकीबाहेर बघत बसला होता, आणि मणी हलत नव्हते.

समितीची सुनावणी गावच्या शाळेत झाली. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं. एक अध्यक्ष, टाय घातलेले, वकिली पेशाचे. एक वनखात्यातल्या बाई, उन्हानं रापलेल्या. आणि रोदांथी, अनेझ्योच्या बाजूनं. टेबलावर दोन भिंगांचं एक यंत्र होतं. त्याखाली शेजारी शेजारी दोन फोटो ठेवले की डोंगर खरोखर उठून वर येतो. अनेझ्योनं आत डोळे घातले आणि पटकन मागे सरली. लाका तिच्या नाकाशी आला होता. ओक फुगून उभे होते, आणि त्यांच्या मधून, रोदांथीनं दाखवल्यावर, गडग्यांच्या बारीक रेषा दिसत होत्या.

"गडगे जुने असू शकतात," वनखात्याच्या बाई म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या. "पायऱ्या बांधल्या, मग सोडून दिल्या, मग रान माजलं, असं शेकडो ठिकाणी झालंय. त्या वर्षी इथं पेरणी होत होती का, हा प्रश्न आहे."

अध्यक्षांनी फोटो बोटानं ठोकला. "बाई, तुमच्या भागात माणसाचा मागमूस नाही. बाकी बेटावर बघा, मळणी चाललीय, खळ्यांवर जनावरं दिसतात, माणसं दिसतात. एलिसात एक माणूस नाही. तुमच्या शेजारच्या खळ्यावरसुद्धा नाही."

"आम्ही झाडांखाली होतो!"

ती इतक्या जोरात बोलली की शाळेबाहेरचं कुत्रं भुंकलं. मग तिनं सांगितलं. मळणीचे दिवस होते. खळं झानिसच्या उतारावर असलं तरी दोन्ही घरांचं सामायिक, कारण वारा तिथंच चांगला लागतो. खाली लाकात आई आणि ती जवाच्या पेंढ्या बांधत होत्या. आणि विमानाचा आवाज आला. त्याआधी एकदा विमान आलं होतं तेव्हा बंदरात बोट जळाली होती, माणसं मेली होती, त्यामुळे आवाज आला की एलिसात सगळ्यांनी ओकखाली पळायचं, जनावरांना ओढून न्यायचं, हे पोरांनासुद्धा ठाऊक होतं. ती बघत उभी राहिली तर झानिसनं तिची वेणी धरून तिला मोठ्या ओकखाली ओढलं. "आत ये, मूर्ख!" असं ओरडला होता. विमान गेलं, परत आलं, परत गेलं. नांगर जसा एका टोकाला जाऊन वळतो तसं सरळ रेघेत जात होतं. बॉम्ब काही टाकला नाही. "आम्ही म्हणालो, जर्मनांनी आम्हाला बघितलं नाही, बरं झालं."

रोदांथी हळूच म्हणाली, "आजी, ते जर्मन नव्हते. तोपर्यंत युद्ध संपलं होतं. ते आपल्या बाजूचे होते, नकाशासाठी फोटो काढत होते."

"आपल्या बाजूचे?"

"हो."

अनेझ्योनं परत भिंगांत डोळे घातले. आपण कुणापासून लपलो! वाचलो म्हणून आईनं त्या संध्याकाळी मेणबत्ती लावली होती.

इथं तिनं गप्प बसायला हवं होतं, बाईंचे डोळे मऊ झाले होते. पण अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाले, "गोष्ट हृदयस्पर्शी आहे, पण फोटोत नाही." आणि हिनं तोंड सोडलं. त्यांच्या टायला काय म्हणाली, त्यांच्या आईला काय विचारलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हात दाखवून अवलक्षण. रोदांथीनं कपाळाला हात लावला. तरी वनखात्याच्या बाईंनीच मार्ग काढला. जागेची पाहणी करू, ड्रोननं आजचा फोटो घेऊ, शेजाऱ्याला हद्द दाखवायला बोलावू. शेजाऱ्यानं दुजोरा दिला तर विचार होईल. नाही दिला, तर नाही.

पाहणीला समिती आली त्या सकाळी वारा नव्हता. लाकात जव गुडघाभर होता, ओकच्या सावल्या त्यावर पडल्या होत्या. झानिस नव्या टोपीत, काठी टेकत आला आणि अनेझ्योकडे न बघता गडग्यापाशी उभा राहिला.

"हद्द हीच?" बाईंनी विचारलं.

"हीच."

"तुमच्या लहानपणी या झाडांखाली पेरत होते?"

झानिस जमिनीकडे बघत राहिला. नातू, मॅनेजरपद, हॉटेलवाल्याचा हात खांद्यावर, सगळं त्याच्या मानेवर बसलेलं दिसत होतं. "आठवत नाही. झाडं होती."

"विमान आलं होतं ते?"

"कसलं विमान? मला काही आठवत नाही."

"आठवत नाही म्हणे!" अनेझ्यो गरजली. "तुझ्या जिभेला—"

"आजी!" रोदांथीनं तिचा दंड धरला.

बाईंनी सुस्कारा टाकून मान हलवली आणि ड्रोन चालवणाऱ्या माणसाला खूण केली. यंत्र घोंघावत उठलं, माणसांच्या डोक्यावर आलं, आणि आवाज वाढला.

झानिसची काठी पडली. नवी टोपी जवात पडली. आणि ऐंशी ओलांडलेला तो माणूस, ज्याला दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला हात द्यावा लागतो, तो धडपडत, वाकत, जव तुडवत पळाला तो थेट मधल्या मोठ्या ओकखाली, आपल्या आईच्या झाडाखाली. खोडाला पाठ लावून बसला, दोन्ही हात डोक्यावर.

आणि तिथून तो ओरडला, "अनेझ्यो! आत ये! आत ये, मूर्ख!"

अनेझ्योचे पायही झाडाकडे वळले होते. ते तिलाच कळलं आणि तिचीच तिला चीड आली. तिनं दंड सोडवून घेतला आणि झाडांमधल्या उघड्या पट्ट्यात, उन्हात, पाय रोवून उभी राहिली. मान वर केली. यंत्र बरोबर डोक्यावर होतं.

"नाही येणार!" ती वर बघतच ओरडली. "एकदा आले होते तुझं ऐकून! म्हणून तर जंगल झालंय! बाहेर ये, झानिस! ते आपलेच होते. ऐकतोयस का? तेव्हाही आपलेच होते!"

यंत्र रेघ मारत गेलं, वळलं, परत आलं. ते खाली उतरेपर्यंत कोणी हललं नाही. मग झानिस झाडाखालून निघाला. डोळे ओले होते, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. अध्यक्षांकडे त्यानं बघितलंच नाही, बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"जव होता," तो म्हणाला. "दरवर्षी. खळ्यावर दोन ढीग असायचे. आमचा लहान, त्यांचा मोठा. त्या दिवशी आम्ही सगळे इथं होतो, या झाडाखाली. तिची आई, माझी आई, दोन बैल. लिहून घ्या. मी सही करतो."

"आणि पाव?" अनेझ्यो म्हणाली.

"तो कडूच होता."

निकाल हिवाळ्यात आला. लाका शेत म्हणून लागला. वरच्या टोकाची दोन पायऱ्यांची चिंचोळी पट्टी मात्र जंगलातच राहिली, का ते देव जाणे. कातेरिना वसंतात मधमाश्यांची पोळी घेऊन आली. त्या पट्टीवरून अनेझ्यो अजून भांडते आहे आणि नवी हरकत घेतली आहे. हॉटेलवाल्यानं झानिसच्या नातवाला ठेवलं नाही. झानिसनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तिनंही त्याला विचारलं नाही. शरदात तिनं मोठ्या ओकच्या टोप्या स्वतः वेचल्या. आता त्या कोणी विकत घेत नाही, तरी पोतं भरलं आणि त्याच्या दारात नेऊन आपटलं. "तुझ्या आईचं आहे, उचल."

रोदांथीनं ड्रोनचा फोटो मोठा करून दिला, तो अनेझ्योनं देवाच्या चित्राशेजारी लावलाय. काळे गोल शेंडे, गडग्यांच्या रेषा, आणि मधल्या उघड्या पट्ट्यात एक छोटा गडद ठिपका, त्याला आखूड सावली. मान वर केलेली आहे, हे जवळ गेलं तर कळतं.

पोतं आपटलं त्या संध्याकाळी झानिस इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तिच्या दारात आला. लहानपणी उभा राहायचा तसाच, काही न मागता. तिनं आत घेतलं, कॉफी ठेवली. तो फोटोपाशी गेला, नाक टेकेल इतका जवळ, आणि खूप वेळ शोधत राहिला.

"ही तू," तो म्हणाला. "आणि मी कुठाय?"

अनेझ्योनं त्याच्या बशीत पावाचा तुकडा ठेवला.

"तू?" ती म्हणाली. "तू जंगल."